'दऱ्या' लिहिलं की 'दर्या' का होतं? नको ते चिन्ह उमटण्याचा तिढा आणि तो सोडवायची पद्धत

मी कऱ्हाडात डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या गुणपत्रिका, कधी एखादा कवितासंग्रह. महिन्यातून चार-पाच वेळा तरी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं: "ताई, कीबोर्डवरचं चिन्ह दाबलं तर भलतंच येतंय", किंवा "घरी बरोबर दिसत होतं, इथे उघडलं तर बिघडलं". रुपयाच्या जागी चौकोन, ॲट द रेटच्या जागी अवतरणचिन्ह, 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना'. प्रत्येक वेळी तात्पुरतं काहीतरी करून माणूस निघून जातो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते.

आपण बहुतेक वेळा चिन्ह कुठे सापडेल तेवढंच शोधतो. इंटरनेटवरून उचलतो, चिकटवतो, दिसलं की पुढे जातो. पण संगणकाच्या लेखी चिन्ह म्हणजे त्याचं रूप नव्हे, त्याचा क्रमांक. दोन अक्षरं डोळ्यांना अगदी सारखी दिसतात आणि आत त्यांचे क्रमांक वेगळे असतात. म्हणून प्रश्न कुठलाही असला तरी मी आधी दोन गोष्टी पाहते: या क्षणी कोणता कीबोर्ड चालू आहे, आणि कागदावर नेमका कोणता क्रमांक पडला आहे. या दोन उत्तरांत बहुतेक तिढे सुटतात.

एक सूचना आधीच. खाली मी क्रमांक देवनागरी आकड्यांत लिहिले आहेत, पण टाइप करताना ते इंग्रजी आकड्यांतच टाकायचे, आणि त्यांतली बी, डी ही अक्षरंही इंग्रजी B, D म्हणूनच (२०बी९ म्हणजे 20B9). देवनागरी आकडे टाकले तर युक्ती चालत नाही.

शिफ्ट आणि २ दाबलं की @ ऐवजी " येतंय

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि सर्वांत सोपा आहे. कीबोर्ड बिघडलेला नसतो. विंडोजमध्ये अमेरिकी मांडणीच्या जागी ब्रिटिश मांडणी चालू झालेली असते. ब्रिटिश मांडणीत शिफ्ट+२ ला ", शिफ्ट+३ ला £ येतो, आणि @ जातो एंटरशेजारच्या अवतरणाच्या कीवर. आपल्याकडचे कीबोर्ड बहुतेक अमेरिकी धाटणीचे. त्यांवर # मग \ च्या कीवर येऊन बसतो आणि खुद्द \ साठी कीच उरत नाही. 'पासवर्ड बरोबर टाकतोय तरी घेत नाही' या तक्रारीमागेही पुष्कळदा हेच असतं, कारण पासवर्डात @ असतो आणि ठिपक्यांच्या आड आपल्याला काही दिसत नाही. अशा वेळी तोच पासवर्ड नोटपॅडमध्ये किंवा वापरकर्त्याच्या नावाच्या चौकटीत टाइप करून पाहा, लगेच कळतं. नंतर पुसायला मात्र विसरू नका.

मांडणी बदलते कशी? डाव्या ऑल्टबरोबर शिफ्ट दाबलं गेलं किंवा विंडोज कीबरोबर स्पेस दाबला गेला की पुढची भाषा किंवा मांडणी येते. घाईत टाइप करणाऱ्या हाताकडून हे दिवसातून दहादा होतं. टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण असते, तिच्यावर क्लिक केलं की चालू मांडणी दिसते. तात्पुरता उपाय म्हणजे तिथूनच 'इंग्लिश (इंडिया)' निवडायचं.

कायमचा उपाय म्हणजे नको असलेल्या मांडण्या काढून टाकणं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन. इंग्रजीसमोरच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून लँग्वेज ऑप्शन्समध्ये जा आणि खाली कीबोर्डांच्या यादीतून नको तो रिमूव्ह करा. कधी असंही होतं की मांडणी यादीत नाही, पण टास्कबारवर मात्र दिसतच राहते. तेव्हा तीच मांडणी यादीत मुद्दाम जोडायची आणि मग काढायची. ऐकायला उलटं वाटतं, पण याने ती जाते. ऑल्ट+शिफ्टची जोडी हाताला नकोच असेल तर टायपिंगच्या ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये इनपुट लँग्वेज हॉट कीज आहेत, तिथे ती 'नॉट असाइन्ड' करून टाका. माझ्या दुकानातल्या तिन्ही संगणकांवर मी हे केलं आहे आणि भाषा बदलायला फक्त विंडोज+स्पेस ठेवलं आहे.

याचाच एक भाऊबंद: ' दाबलं तर काहीच उमटत नाही, आणि पुढचं अक्षर दाबलं की ç किंवा á असं काहीतरी येतं. ही 'युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल' मांडणी. तिच्यात अवतरणाची की पुढच्या अक्षराची वाट पाहते. ' नंतर स्पेस दाबला की नुसतं ' मिळतं, पण फ्रेंच-पोर्तुगीज लिहायचं नसेल तर ही मांडणीच काढून टाका.

रुपयाचं ₹

भारत सरकारने हे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. डी. उदयकुमार यांनी ते रेखाटलं, तेव्हा ते पवईच्या आयआयटीत संशोधन करत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणाच्या, ६.० आवृत्तीत त्याला २०बी९ हा क्रमांक मिळाला. मधल्या काही महिन्यांत लोकांनी वेगळे फॉन्ट उतरवून घेतले होते. त्यांत १ च्या डावीकडची ` ही की दाबली की रुपया दिसायचा. त्या काळातल्या फायली अजूनही माझ्याकडे छपाईला येतात. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे त्या उघडल्या की रकमेआधी नुसता ` दिसतो. अशी फाइल आली तर ` शोधून त्याजागी खरा ₹ बदलून घेण्याशिवाय मार्ग नाही.

खरा ₹ कसा टाइप करायचा: 'इंग्लिश (इंडिया)' मांडणी असेल तर उजवा ऑल्ट धरून ४. उजवा ऑल्ट नसलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल+ऑल्ट+४. मांडणी अमेरिकी असेल तर या जोडीने काही होत नाही, आणि 'मला नेटवर सांगितलं ते चालत नाही' म्हणणाऱ्यांचं घोडं इथेच अडतं. वर्डमध्ये असाल तर इंग्रजी कीबोर्ड ठेवून २०बी९ टाइप करा आणि लगेच ऑल्ट+एक्स दाबा. क्रमांकाच्या जागी ₹ येतो. लिब्रेऑफिस रायटरमध्येही ही जोडी चालते. विंडोज आणि पूर्णविराम एकत्र दाबले की इमोजीची खिडकी उघडते, तिच्यात चिन्हांचा विभाग आहे. तिथेही चलनांमध्ये ₹ सापडतो, आणि हे कुठल्याही प्रोग्रॅममध्ये चालतं. मॅकवर अशीच खिडकी कंट्रोल+कमांड+स्पेसने उघडते. उबुंटूसारख्या लिनक्सवर बहुतेक ठिकाणी कंट्रोल+शिफ्ट+यू, मग क्रमांक, मग एंटर.

₹ टाइप केला आणि चौकोन दिसला, तर क्रमांक बरोबर पडला आहे, फक्त त्या फॉन्टात हे चिन्ह नाही. तेवढ्या एका अक्षराचा फॉन्ट बदला. पुन्हा पुन्हा टाइप करत बसू नका.

एक्सेलमध्ये मात्र रकमेआधी हाताने ₹ लिहू नये असं माझं मत आहे. सेलमध्ये नुसता आकडा ठेवा आणि सेलच्या फॉरमॅटमध्ये चलन म्हणून ₹ निवडा. चिन्ह अक्षर म्हणून आत शिरलं आणि आकडा मजकूर झाला तर बेरीज त्याला धरत नाही, आणि वार्षिक सभेच्या आदल्या रात्री ताळेबंद जुळेना की सगळ्यांची धावपळ होते.

ऑल्ट धरून आकडे दाबले तर भलतंच येतं

° साठी ऑल्ट+०१७६, × साठी ०२१५, ÷ साठी ०२४७, ½ साठी ०१८९, ± साठी ०१७७, ² साठी ०१७८, © साठी ०१६९, लांब रेघेसाठी ०१५१. ही यादी मी भिंतीवर चिकटवली आहे आणि ती उपयोगाचीही आहे. पण तिच्या तीन अटी कुणी सांगत नाही. पहिली, आकडे उजवीकडच्या वेगळ्या गठ्ठ्यावरचेच हवेत, वरच्या ओळीतले नाही. दुसरी, नम लॉक चालू हवा. तिसरी, सुरुवातीचं शून्य सोडायचं नाही. शून्य लावलं तर विंडोज एक तक्ता पाहतं आणि नाही लावलं तर डॉसच्या काळातला दुसराच तक्ता. म्हणून ° हे ऑल्ट+०१७६ नेही येतं आणि शून्याशिवायच्या ऑल्ट+२४८ नेही, पण ऑल्ट+१७६ केलं तर ठिपक्याठिपक्यांचा ठोकळा येतो.

आता ऑल्ट+८३७७. ८३७७ म्हणजे रुपयाचा २०बी९ हाच क्रमांक, नेहमीच्या दशमान आकड्यांत लिहिलेला. तो वर्डमध्ये नीट ₹ देतो. जुन्या नोटपॅडमध्ये मात्र ╣ अशी दुहेरी रेघांची खूण येते. कारण तिथे फक्त २५६ जागांचा तक्ता चालतो. ८३७७ ला २५६ ने भागलं की बाकी उरते १८५, आणि त्या जुन्या तक्त्यात १८५ व्या जागी नेमकं ╣ आहे. एका मुलाने मला हे 'व्हायरस आहे का' म्हणून विचारलं होतं. व्हायरस नाही, भागाकार आहे.

लॅपटॉपवर आकड्यांचा गठ्ठा नसेल तर ऑल्टच्या मागे लागू नका. ऑल्ट+एक्स किंवा इमोजीची खिडकी वापरा.

आता मुख्य दुखणं: अर्धा ऱ

इथवरच्या गोष्टी कुठल्याही भाषेच्या माणसाला लागू आहेत. पण आपल्या मराठीचं खास दुखणं हे आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून कळकळ आहे. दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या, दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्यांना बोलवा म्हटलं तर स्वयंपाकी येतील, आचार्यांना बोलवा म्हटलं तर गुरुजी. एका छोट्या वळणाने शब्द बदलतो. आणि नावं तर पाहा: कऱ्हा नदी, वऱ्हाड, गोऱ्हे, कोऱ्हाळे, आणि आमचं कऱ्हाड. सरकारी कागदावर 'कराड' असतं, पण जुनी माणसं आजही 'कऱ्हाड'च लिहितात. रफार देऊन 'कर्हाड' असं मात्र कुणीच म्हणत नाही. तरीही ते छापलं जातं.

उच्चाराने ओळखायची खूण शाळेत शिकवतात तीच. 'कार्य', 'सूर्य', 'धैर्य' म्हणताना र च्या आधीच्या अक्षरावर जोर येतो. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना', 'पुऱ्या' म्हणताना तसा जोर येत नाही, र आणि य एकत्र हलकेच निघतात. व्यवहारात सोपं असं की मूळ शब्दात पूर्ण र असेल, म्हणजे दुसरा, शेतकरी, कर्मचारी, पुरी, दोरी, तर रूप चालवताना ऱ्य येतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत रफार. ह च्या आधी बहुधा ऱ्हच: तऱ्हा, ऱ्हास, ऱ्हस्व, गुऱ्हाळ, चऱ्हाट. 'अर्ह', 'गर्हा' अशा संस्कृत शब्दांत तेवढा रफार राहतो.

संगणकावर हा अर्धा ऱ दोन तऱ्हांनी तयार होतो, आणि घोळ इथेच आहे.

पहिली तऱ्हा: ऱ हे खाली टिंब असलेलं अक्षर, क्रमांक ०९३१. त्याला हलंत, म्हणजे पाय मोडायची खूण, जोडला आणि पुढे य किंवा ह लिहिला की टिंब नाहीसं होतं आणि कोयरीसारखं ते वळण दिसतं. हे अक्षर खरं तर द्राविडी भाषांमधला एक र देवनागरीत दाखवण्यासाठीही आहे. पण त्याचं अर्धं रूप म्हणजे आपला अर्धा ऱ, असं १९९१ च्या इस्की या भारतीय प्रमाणातच ठरलं होतं आणि युनिकोडनेही ते तसंच ठेवलं. दुसरी तऱ्हा: साधा र, हलंत, आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह, क्रमांक २००डी. युनिकोडच्या २.० आवृत्तीत ही पद्धत होती, म्हणून जुन्या मजकुरासाठी ती आजही मान्य आहे.

ऱ्या आणि र्‍या. पहिलं पहिल्या तऱ्हेने लिहिलं आहे, दुसरं दुसऱ्या. डोळ्यांना फरक दिसणार नाही. पण ते न दिसणारं चिन्ह फार नाजूक आहे. अनेक फॉर्म, नोंदणीची पानं आणि संदेश पाठवणाऱ्या प्रणाली न दिसणारी अक्षरं कचरा समजून गाळून टाकतात. ते गळालं की उरतो र आणि हलंत, आणि त्याचा होतो रफार. म्हणजे टाइप करणाऱ्याने 'शेतकर्‍यांना' लिहिलं होतं, पडद्यावर त्याला बरोबर दिसलं होतं, आणि छापून आलं 'शेतकर्यांना'. त्याची चूक काहीच नाही. पहिल्या तऱ्हेत गळण्यासारखं काही नसतं, म्हणून मी सगळ्यांना तीच वापरायला सांगते.

मागच्या वर्षी एका संस्थेच्या सभासदांची यादी माझ्याकडे आली, प्रमाणपत्रांवर नावं छापायची होती. दोन शाखांनी दोन याद्या केल्या होत्या. एकत्र करून क्रमाने लावल्या तर गोऱ्हे आडनावाची मंडळी दोन ठिकाणी विभागली गेली, आणि शोधायला गेलं की निम्मीच सापडायची. सुरुवातीला मला वाटलं कुठेतरी मोकळी जागा राहिली असेल. शेवटी एक्सेलचं लेन हे फंक्शन लावून पाहिलं. एका 'गोऱ्हे'ची लांबी ६ आली, दुसऱ्याची ७. ते सातवं अक्षर म्हणजे हेच न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून भिंग लावलं असतं तरी ते दिसलं नसतं. त्या यादीतल्या एका आजोबांचं प्रमाणपत्र आधी कुठूनतरी 'गोर्हे' असं छापून आलं होतं आणि ते परत करायला ते स्वतः शहरात आले होते. आपलं नाव नीट छापलेलं असावं एवढीच त्यांची मागणी होती.

कोणती तऱ्हा आहे हे ओळखायची माझी रीत सोपी आहे. विंडोजच्या नोटपॅडमध्ये शब्द चिकटवा, 'ऱ्या'च्या शेवटी कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस एकेक करून दाबा. आधी काना जातो, मग य. तिसऱ्या बॅकस्पेसला खाली टिंब असलेला ऱ उरला, तर पहिली तऱ्हा. तिसऱ्याला पाय मोडलेला र् उरला आणि चौथ्याला बिनटिंबाचा साधा र, तर दुसरी. वर्डमध्ये असाल तर अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट+एक्स दाबलं की त्याचा क्रमांक दिसतो. पुन्हा तेच दाबलं की अक्षर परत येतं.

लिहायचं कसं? इनस्क्रिप्ट मांडणीवर, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या मराठी कीबोर्डवर, र हा जे या कीवर आहे आणि ऱ त्याच कीवर शिफ्ट धरून. हलंत डी वर, य हा / वर, ह हा यू वर. म्हणून ऱ्य साठी शिफ्ट+जे, डी, /. ऱ्ह साठी शिफ्ट+जे, डी, यू. रफाराचा र्य हवा असेल तर शिफ्ट न धरता जे, डी, /. फरक फक्त शिफ्टचा. दोन दिवस बोटांना सवय लावली की आयुष्यभराची सोय होते. उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांतून लिहिणाऱ्यांनी सूचनांच्या यादीतून ऱ चं रूप निवडावं आणि एकदा वरची बॅकस्पेसची चाचणी करून पाहावी. आपला कीबोर्ड कोणती तऱ्हा देतो हे एकदा कळलं की पुरे.

जुना मजकूर दुरुस्त करताना एक काळजी घ्या. 'फाइंड अँड रिप्लेस'मध्ये दुसऱ्या तऱ्हेचा र्‍ टाकून सगळं एका दमात बदलू नका. न दिसणारं चिन्ह शोधताना प्रोग्रॅमने दुर्लक्षिलं तर प्रत्येक रफार त्यात सापडेल आणि सूर्य, कार्य, आचार्य सगळे मोडतील. आधी 'फाइंड नेक्स्ट'ने आठ-दहा ठिकाणं पाहा, मग ठरवा. एक्सेलमध्ये सब्स्टिट्यूट या फंक्शनमध्ये र् आणि त्याला जोडून युनिकॅर (८२०५) असं दिलं की नेमकं तेच सापडतं, कारण ८२०५ हा २००डी चाच दशमान क्रमांक. गोऱ्हे मंडळींची यादी मी अशीच एकत्र आणली. पण जिथे जोडचिन्ह आधीच गळून रफार झाला आहे, तिथे कुठलंही यंत्र मदत करत नाही. 'आचार्यांना' हा शब्द गुरुजींसाठी आहे की स्वयंपाक्यासाठी, ते वाक्य वाचूनच कळतं. तिथे मुद्रितशोधकच लागतो.

ॲ ची तीन रूपं

'ॲप', 'ॲडमिशन', 'बॅट'. चंद्राची ही अक्षरं आता रोजची आहेत. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत जागा मिळाली. युनिकोडमध्ये ॲ त्याच्या आदल्या वर्षी, ५.१ आवृत्तीत, ०९७२ या क्रमांकावर आला. त्याआधी लोक काय करत? अ लिहून त्यावर वेगळा चंद्र ठेवत: अॅ. तेच अजून चालू आहे. दिसायला सारखं, पण दोन अक्षरांचं, त्यामुळे 'ॲप' शोधलं की 'अॅप' सापडत नाही. तिसरं रूप ऍ, म्हणजे ए वर चंद्र. काही कीबोर्डांवर शिफ्ट धरून १ दाबलं की हे उमटतं. हिंदीच्या अंगाने ते ठीक असेल, मराठी डोळ्याला ते खटकतं आणि प्रमाण मराठीत ते घ्यायचं कारण नाही.

चाचणी तीच. अक्षरापुढे कर्सर ठेवून एकदा बॅकस्पेस: खाली अ उरला तर ते दोन तुकड्यांचं आहे. वर्डमध्ये ०९७२ आणि ऑल्ट+एक्स केलं की खरा ॲ. ऑ च्या बाबतीत आ वर चंद्र ठेवून 'आॅफिस' असं लिहिलेलं सर्रास दिसतं. जुन्या फॉन्टांतून युनिकोडमध्ये बदललेल्या मजकुरात तर पानोपानी. इनस्क्रिप्टवर पूर्ण ऑ आहे, शिफ्ट धरून \ ची की. नुसत्या \ ला मात्रेचा ॉ.

मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ दिसत असेल तर त्या मात्रेला धरायला अक्षर मिळालेलं नाही, एवढाच अर्थ. टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या मंडळींना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची सवय असते. इनस्क्रिप्टवर आधी अक्षर, मग वेलांटी.

विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाकणं हीही जुनी खोड. 'दु:ख' मध्ये : असतो, 'दुःख' मध्ये विसर्ग. शब्द ओळीच्या टोकाला आला की पहिला तुटू शकतो, आणि शब्दकोशाशी जुळत नाही. इनस्क्रिप्टवर विसर्ग शिफ्ट धरून वजाच्या कीवर आहे. अवग्रह ऽ साठी ०९३डी, ॐ साठी ०९५०, दोन्ही ऑल्ट+एक्सने.

पुन्हा पुन्हा लागणाऱ्या चिन्हांची सोय

वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. डाव्या चौकटीत सहज न लिहिला जाणारा एखादा गट टाका आणि उजव्या चौकटीत चिन्ह. मी 'अॅप'च्या जागी 'ॲप' आणि 'आॅफिस'च्या जागी 'ऑफिस' अशा पूर्ण शब्दांच्या नोंदी केल्या आहेत. ही यादी भाषेप्रमाणे वेगळी ठेवली जाते, म्हणून नोंद करताना मजकुराची भाषा मराठी निवडलेली असली पाहिजे, नाहीतर 'काल चाललं, आज चालत नाही' होतं. लिब्रेऑफिसमध्ये हीच सोय टूल्समध्ये ऑटोकरेक्टखाली आहे. ज्या चिन्हांना नोंद करणं शक्य नाही ती मी एका साध्या मजकूर फाइलमध्ये, प्रत्येकापुढे क्रमांक लिहून ठेवली आहेत. फाइल जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. एएनएसआय निवडलं तर दुसऱ्या दिवशी सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन समोर येतात आणि ती परत मिळत नाहीत.

आणि हे सगळं करूनही अडलं तर मदत मागताना स्क्रीनचा फोटो पुरत नाही, कारण फोटोत क्रमांक दिसत नाही. तो शब्द फाइलमध्ये जसाच्या तसा पाठवा, आणि सोबत लिहा: कोणती मांडणी चालू होती, कोणता प्रोग्रॅम होता, आणि मजकूर तिथवर कुठून कुठून फिरून आला.